चालत होतं ना, मग काढलं कशाला?

विमानाच्या नव्या पॅनेलचा, म्हणजे जुनी काट्यांची घड्याळं काढून स्क्रीन बसवलेल्या पॅनेलचा, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर सांगलीहून बाबांचा पहिला मेसेज हाच. बाबांचं आयुष्य ट्रकच्या गॅरेजात गेलं, चालणारी वस्तू उघडायची नाही हा त्यांचा नियम. बरं, विमान काही माझ्या एकट्याचं नाही, इथे अमेरिकेत ओहायोत आम्ही चौघांनी मिळून घेतलेली १९७४ ची सेसना १७२ आहे, चार सीटची, जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान म्हणतात ते हेच, ४४ हजारांच्या वर बनलीत. पन्नास वर्षं जुनी गाडी कुणी वापरत असेल तर आपण हसू, पण विमानांत हे वय कॉमन आहे.

तर बाबा, चालत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, चालत नसताना चालल्यासारखं दाखवत होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, स्वच्छ ऊन, मी एकटाच, ३५०० फुटांवर सरळ चाललोय. समोर बघितलं तर शेतांच्या वरची क्षितिजाची रेघ एकदम आडवी, आणि पॅनेलवरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं घड्याळ, सांगतंय की तू थोडा डावीकडे कललायस. मिनिटभराने परत बघितलं, अजून थोडं जास्त. नाही लाल लाइट, नाही बीप. म्हाताऱ्याला बसल्या बसल्या डुलकी लागावी तसं ते हळूहळू एका बाजूला चाललं होतं. मग पॅनेलच्या उजव्या टोकाला, जिथे कोणी कधी बघत नाही तिथे व्हॅक्यूमचा, म्हणजे ही घड्याळं चालवायला हवा ओढणाऱ्या पंपाचा, एवढासा गेज आहे, त्याचा काटा शून्यावर. खाली उतरल्यावर मेकॅनिकने पंप काढून हातात दिला, शाफ्ट बोटाने मोकळा फिरत होता आणि आतून काजळीसारखी काळी पूड पडली.

जुन्या पॅनेलमध्ये सहा मुख्य गोल घड्याळं असतात. त्यातली तीन हवेच्या दाबावर चालतात: वेग, उंची आणि चढ-उताराचा दर. उरलेली तीन म्हणजे कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक आणि वळण दाखवणारं, त्यांच्या आत भोवरा असतो, भोवरा म्हणजे खरंच भोवरा, जोरात फिरणारं चाक, आपण लहानपणी जाळीने फिरवायचो त्याच तत्त्वावरचं. जोरात फिरणारी वस्तू आपला आस सहजी सोडत नाही, विमान तिच्याभोवती कललं तरी ती आहे तशीच राहते आणि त्या फरकावरून विमान किती कललंय ते दिसतं. आता हा भोवरा फिरवायचा कसा? तर इंजिनाच्या मागे एक पंप, तो घड्याळाच्या डबीतून हवा ओढतो, बाहेरची हवा फिल्टरमधून आत घुसून चाकाच्या कडेच्या खाचांवर आदळते आणि चाक मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे मारत राहतं. पाणचक्कीच आहे, पाण्याऐवजी हवेची. तिसऱ्या भोवऱ्याला, वळण दाखवणाऱ्याला, मुद्दाम विजेवर ठेवतात, म्हणजे पंप गेला तरी काहीतरी हातात राहावं.

पंपाच्या आत कार्बनची पाती असतात, ती स्वतः झिजून स्वतःलाच वंगण देतात, तेल लागत नाही. छान आयडिया, पण पातं झिजत झिजत एक दिवस तुटतं, पंप जाम होतो, मग इंजिनाला धक्का बसू नये म्हणून मुद्दाम कच्चा ठेवलेला जोड कट्कन तुटतो. हे सगळं एका सेकंदात. भोवरा मात्र लगेच थांबत नाही, तो आधीच्या वेगावर कितीतरी मिनिटं फिरत राहतो, जाळीवरून सुटलेल्या भोवऱ्यासारखाच, आणि शेवटी शेवटी डुलायला लागतो. ते डुलणं पायलटला कृत्रिम क्षितिजावर दिसतं, आणि ढगात असेल तर तो बिचारा त्या डुलणाऱ्या क्षितिजाला सरळ करायला खरं विमान वाकडं करतो.

हे सांगितलं तर कोणी म्हणेल की अरे पण माणसाला कळतं ना आपण वाकडे झालोय ते? नाही कळत. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यातलं पाणी हललं की मेंदूला वळण कळतं, पण वळण एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत ते पाणी नळीबरोबरच फिरायला लागतं आणि मेंदू म्हणतो, सरळ चाललोय. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, ज्यांना फक्त यंत्रांवर उडवायचं ट्रेनिंग नव्हतं अशा २० जणांना बाहेरचं दिसू न देता उडवायला दिलं होतं. २० पैकी २० जणांचा विमानावरचा ताबा सुटला, १९ जण गिरक्या घेत खाली जाणाऱ्या वळणात अडकले, आणि सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाही. चहा उकळत नाही तेवढ्यात.

म्हणून तर २४ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल या अमेरिकन लष्करी पायलटने कॉकपिटवर झाकण लावून, बाहेरचं काहीही न बघता उड्डाण केलं, गोल चक्कर मारली आणि विमान उतरवलं, तेव्हा तो इतिहास ठरला. पुढच्या सीटवर सेफ्टीसाठी दुसरा पायलट होता, पण सगळं केलं डूलिटलनेच. त्याच्याकडे स्पेरी कंपनीचं कृत्रिम क्षितिज होतं, स्पेरीचाच दिशा दाखवणारा भोवरा होता आणि पॉल कोल्समनचं उंचीतला बारीक फरकही दाखवणारं अल्टिमीटर होतं. आमच्या विमानात आत्ता गेल्या वर्षापर्यंत जे बसलेलं होतं ते त्याचंच नातवंड, तत्त्व तंतोतंत तेच.

आता नवीन काय बसवलं. दोन छोटे चौकोनी स्क्रीन, एकावर एक, जुन्या क्षितिजाच्या आणि जुन्या दिशादर्शकाच्या जागी. पॅनेलमधली भोकं तीच, तीन पूर्णांक एक अष्टमांश इंचाची, कापाकापी नाही. २०१६ पर्यंत हे आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतं, कारण सर्टिफिकेट असलेल्या विमानात काहीही बसवायचं तर ते मंजूर पाहिजे आणि मंजुरीचा खर्च किमतीत यायचा, उलट स्वतः गॅरेजात विमान बांधणारे लोक कितीतरी वर्षं स्वस्तातले स्क्रीन लावून मजेत उडत होते. त्या साली अमेरिकेत आधी डायनॉन कंपनीच्या डी१०ए या स्क्रीनला आणि मग गार्मिन कंपनीच्या जी५ ला जुन्या छोट्या विमानांसाठी मंजुरी मिळाली आणि दरवाजा उघडला. तरी स्वस्त नाहीच म्हणा, आमची मजुरीच वस्तूंच्या किमतीला भिडली.

आत भोवरा नाही. आत सिलिकॉनची चिप आहे, तुमच्या मोबाइलमध्ये फोन किती वळला ते ओळखते त्याच जातीची, फक्त जास्त निवडक आणि नीट कॅलिब्रेट केलेली. चिपमध्ये केसापेक्षा बारीक पट्ट्यांवर टांगलेला एक सूक्ष्म तुकडा सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे थरथरत असतो. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या चक्रावर उभं राहून मधून कडेकडे चालायचा प्रयत्न केलाय कधी? कोणीतरी बाजूला ढकलल्यासारखं होतं. तोच कोरिऑलिस परिणाम. विमान वळलं की थरथरणारा तुकडा किंचित बाजूला ढकलला जातो, त्याने तिथली वीज साठवायची क्षमता (कपॅसिटन्स) बदलते, आणि ती मोजली की वळण किती वेगाने झालं ते कळतं.

पण यातली गंमत अशी की चिपला स्वतःला क्षितिज माहीतच नसतं. ती फक्त किती वळलो ते सांगते, मग ते मिळवत मिळवत जायचं, आणि प्रत्येक बेरजेत थोडी चूक, म्हणजे किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं, महिनाअखेर काहीतरी फरक निघतोच. तो काढायला शेजारी दुसरा सेन्सर असतो, तो गुरुत्वाकर्षणावरून खाली कुठे आहे ते सांगतो. आणि इथे खरी अडचण आहे: नीट मारलेल्या वळणात खाली म्हणजे विमानाची फरशी! कप सांडत नाही, कानाला कळत नाही, आणि या सेन्सरलाही कळत नाही, तो कानासारखाच फसतो. मग सॉफ्टवेअर जीपीएसचा किंवा हवेचा वेग घेऊन हिशोब करतं, की एवढ्या वेगाने एवढं वळतोय तर एवढा जोर वळणाचा, तो वजा कर, उरलं ते खरं खाली. जुन्या भोवऱ्यालाही सरळ ठेवायला लटकणाऱ्या झडपा असायच्या आणि त्याही लांब वळणात थोड्या फसायच्या. म्हणजे प्रश्न तोच, फक्त आता आकडेमोडीने सोडवलाय.

आणि हिशोब जुळला नाही तर? स्क्रीन मोठा लाल क्रॉस मारतो. मला माहीत नाही, असं सरळ सांगतो. बाबांना फोनवर हेच सांगितलं, की मी पैसे दिले ते रंगीत चित्राला नाही, त्या लाल क्रॉसला दिले. खालचा स्क्रीन मग वरच्याचं काम उचलतो, आणि दोघांना आपापली बॅटरी आहे, विमानाची वीज गेली तरी काही तास चालतील. ‘अरे, पण मग काटे का नको?’ बाबा.

काट्यांची बाजू बाबांची खरी आहे. माझा मामेभाऊ बारामतीला फ्लाइंग शिकतोय, तो थेट स्क्रीनवरच शिकला, त्याला काटे गोंधळाचे वाटतात. मला उलट. काट्याकडे बघावं लागत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून तो कुठे आहे ते कळतं, वेग उतरायला लागला की काटा सरकताना जाणवतो. स्क्रीनवरच्या पट्टीतला आकडा मात्र वाचावा लागतो, ७८ का ७३ ते. पहिल्या दहा तासांत मी दोनदा लँडिंगला जास्त वेगाने आलो, कारण मी आकडा वाचत होतो आणि बाहेर बघत नव्हतो. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०१० मध्ये २००२ ते २००६ दरम्यान बनलेली ८००० हून जास्त छोटी विमानं तपासली, तर स्क्रीनवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले पण प्राणघातक अपघातांचं प्रमाण जास्त. त्यातलं काही म्हणजे ती विमानं लांबच्या प्रवासाला, वाईट हवामानात जास्त वापरली जातात, काट्यांची जास्त करून ट्रेनिंगला. पण ट्रेनिंगशिवाय स्क्रीन बसवून उपयोग नाही हेही त्यातच आलं. आम्ही चौघांनीही मग इन्स्ट्रक्टर घेऊन तास केले.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला सांगू? दिशेच्या सेन्सरमध्ये. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो म्हणून पंखात, इंजिनापासून लांब बसवतात, स्क्रूसुद्धा लोखंडी चालत नाहीत. मग मोकळ्या जागेत विमान गोल फिरवत, दर तीस अंशांवर थांबत कॅलिब्रेट करायचं. झालं. आणि मग पंखाचा दिवा लावला तर विमान जागचं न हलता स्क्रीनवर दिशा पाच अंश सरकली! दिवा बंद, परत जागेवर. आम्ही चौघं वेड्यासारखे दिवा चालू-बंद करत बसलो. शाळेत तारेतून करंट सोडला की शेजारची चुंबकसुई हलते तो प्रयोग केला होता ना, तोच हा. दिव्याला जायला एक तार होती आणि परतीचा करंट पंखाच्या पत्र्यातून यायचा, त्यामुळे तारेचं क्षेत्र मोकळं सुटलेलं. परतीची वेगळी तार टाकली, दोन्ही एकमेकींना पीळ देऊन, म्हणजे एकीचं क्षेत्र दुसरी खाऊन टाकते, आणि दिशा गप्प बसली.

एक गोष्ट मात्र स्क्रीनने बदलली नाही. वेग अजूनही पंखाखालच्या पिटो ट्यूबच्या बारीक भोकातून येणाऱ्या हवेवरूनच कळतो. ते भोक बुजलं तर काटा असो की स्क्रीन, दोघंही फसणार. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकजवळ बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग ७५७ पडलं, १८९ जण गेले, त्यात पिटो ट्यूबमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असावं असा संशय आहे. स्क्रीनवालं विमान होतं ते. म्हणून आमच्या ट्यूबवर लाल फडकं लटकवलेलं कव्हर असतं, आणि विसरलो तर दुसरा पार्टनर शिव्या घालतो.

पंपाच्या जागी इंजिनावर आता एक साधी पत्र्याची झाकणी आहे. रबराच्या नळ्या काढल्या तेव्हा जवळजवळ भाजीच्या पिशवीएवढ्या निघाल्या, विमान परत वजन करून घ्यावं लागलं. बाबांनी फोटो झूम करून विचारलं, ‘काचेवर वर ते बाटलीसारखं काय लटकतंय?’ ते साधं होकायंत्र, पातळ तेलात तरंगणारं, वीज नको, पंप नको, नियमानेच ठेवावं लागतं. खाली नवी उपकरणं बसली की त्याचीही चूक बदलते, म्हणून विमान परत एकदा गोल फिरवून त्याचं छोटं कार्ड नव्याने लिहावं लागलं. मेकॅनिकने ते बॉलपेनने लिहिलं, ‘१२० साठी १२३’ वगैरे, आणि सेलोटेपने चिकटवलं.

बाबा म्हणाले, अक्षर बरं आहे रे त्याचं.