कंट्रोल टेस्टिंगचं सॅम्पल आणि रकमांचं सॅम्पल: घोळ नेमका कुठे होतो

रकमा तपासायचं सॅम्पल आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची ऑडिटमधली उमेदवारी) करणाऱ्या प्रत्येकाला येतं. बिल काढायचं, लेजरशी ताडून पाहायचं, फरक निघाला तर पूर्ण पॉप्युलेशनवर, म्हणजे ज्यातून सॅम्पल काढलं त्या सगळ्या बिलांवर, किती होईल ते काढायचं. त्यावर इथे वेळ घालवत नाही. घोळ कंट्रोल टेस्टिंगमध्ये, म्हणजे कंपनीने स्वतःवर घातलेले नियम पाळले जातात का ते तपासताना होतो आणि दर ऑडिट सीझनला तोच होतो.

समजा, एका कंपनीत ५०,००० रुपयांवरच्या खरेदी बिलाला पर्चेस मॅनेजरची मंजुरी लागते. वर्षभरात अशी ४,००० बिलं झाली, त्यातली ६० काढली. एकावर मंजुरीच नाही. माल आलेला, पीओ (खरेदीची ऑर्डर) जुळतो, रक्कम पैशापर्यंत बरोबर. मग वर्किंग पेपरमध्ये शेरा पडतो: ‘रक्कम बरोबर, सबब त्रुटी नाही.’ हा शेरा पाहिला की माझं डोकं फिरतं. अहो, रक्कम इथे तपासतच नव्हतो! मंजुरी घेतली जाते का, एवढाच प्रश्न होता आणि या बिलापुरतं उत्तर ‘नाही’ असं आहे. हे डेव्हिएशन, म्हणजे ठरलेला नियम पाळला न जाणं. बिल ५१ हजारांचं असो की ५१ लाखांचं, मोजायचं एकच. म्हणूनच मोठ्या रकमेच्या बिलाला जास्त संधी देणारी निवड मी कंट्रोल टेस्टला वापरू देत नाही. इथे प्रत्येक बिलाला सारखी संधी हवी.

पुढचा युक्तिवाद ठरलेला: ‘६० मध्ये १ म्हणजे १.७ टक्के. आपण चालवून घेऊ ती मर्यादा ५ टक्के. पास.’ नाही! १.७ हा सॅम्पलमधला दर झाला. एसए ५३० (सॅम्पलिंगवरचं ऑडिट मानक) नुसार पॉप्युलेशनचा अंदाजही तोच धरायचा, हे खरं. पण सॅम्पलिंग रिस्क, म्हणजे सॅम्पल सगळ्या बिलांसारखं नसण्याचा धोका, त्याच्यावर येते. ९५ टक्के कॉन्फिडन्सला, ६० मध्ये एकही डेव्हिएशन नसेल तर सगळ्या बिलांमधला खरा दर जास्तीत जास्त किती असू शकतो, ती वरची मर्यादा पाच टक्क्यांच्या जरा आत राहते. एक सापडलं की ती आठच्या जवळ जाते. म्हणजे ६० चं सॅम्पल घेतानाच आपण शून्य डेव्हिएशन गृहीत धरलेलं असतं. एक चालवून घ्यायचं असेल तर सुरुवातीलाच साधारण ९३ बिलं घ्यायला हवी होती. आता त्या कंट्रोलवरचा भरवसा कमी करा, मंजुरी का राहिली ते शोधा आणि रकमांची तपासणी वाढवा.

बिलं ४,००० ऐवजी ४०,००० असती तरी सॅम्पल जवळपास तेवढंच राहतं. त्यावर वाद घालू नका.

आणि फाइलमध्ये सॅम्पलमधलं व्हाउचर (बिलाचा कागद) सापडत नाही म्हणून शेजारचं उचलायचं नाही. रीतसर रद्द झालेलं असेल तर बदली चालते. नुसतंच सापडत नसेल आणि मंजुरी दुसऱ्या कुठल्या मार्गाने पडताळता येत नसेल, तर तेही डेव्हिएशनच धरायचं.