वाकडी शिवराई, वाकडा रुपया

साताऱ्याच्या आमच्या घरी देवघरातल्या डब्यात एक शिवराई आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रप'. 'ति' कडेबाहेर गेलेला. लहानपणी वाटायचं, चुकलेलं नाणं म्हणजे घबाडच! पण तेव्हा नाणी हातोड्याने पाडत: खाली एक ठसा, मध्ये तांब्याची चकती, वर दुसरा ठसा आणि घाव. चकती बहुधा ठशापेक्षा लहान, मग एखादं अक्षर बाहेर राहायचंच. उलट सगळी अक्षरं आलेली शिवराईच भाव खाते.

यंत्रामुळे गणित फिरलं. आता टांकसाळीत पत्र्यातून चकत्या कापतात, तापवून मऊ करतात, कडा उचलतात आणि पोलादी कड्यात बसवून दोन ठशांमध्ये दाबतात. लाखो नाणी अगदी एकसारखी, म्हणून चुकलेलं एखादंच लगेच डोळ्यात भरतं. चकती कड्यात नीट बसली नाही की छाप सरकतो आणि बाजूला कोरी चंद्रकोर उरते. आधीच्या भोकावरच पत्रा कापला गेला, तर कड कुरतडल्यासारखी दिसते.

माझी लाडकी चूक मात्र 'लाखी'. नाण्यांच्या बाजारात हाच शब्द चालतो. छापलेलं नाणं खाली न पडता आकड्याच्या ठशाला चिकटून राहतं. पुढच्या चकतीवर एकीकडून सिंहांचा ठसा उमटतो आणि दुसरीकडून त्या चिकटलेल्या नाण्यावरचे सिंह. म्हणजे एका बाजूला उठावदार सिंह, दुसऱ्या बाजूला तेच सिंह, पण आरशातल्यासारखे उलटे आणि खोलगट. आकडा गायब! चिकटलेलं नाणं दर दाबाला चेपत, पसरत जातं, त्यामुळे पहिली लाखी सर्वांत रेखीव.

मोती चौकातल्या एका मित्राने परवा असाच रुपया आणला. उलटे सिंह होते खरे, पण मागचा '१' चपटा झालेला. दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या लोखंडी पकडीत, आवळली की असंच होतं: एक बाजू दुसऱ्या नाण्याला टेकते, दुसरी सपाट जबड्याला. खऱ्या लाखीत मागे ठसा असतो, तिथली नक्षी चेपत नाही. शिवाय आकडा दिसायलाच नको होता. मित्राने तो हजाराला घेतला होता. निदान पैसे देऊन नाणं तरी हातात आलं. जुनी नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावावर आधी 'कर' आणि 'कमिशन' उकळणारेही आहेत. बँकेने 2021 मध्येच जाहीर केलं होतं की ती असले व्यवहार करत नाही.