विहिरीतून वर आल्यावर सुटणारा कंप

मी सातवीत असताना आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, विहिरीत पडलेल्या एका पोराला वर काढलं होतं. पावसाळ्याचे दिवस, विहीर तुडुंब, मोटरचा पाइप धरून खाली गेले आणि पोराला खांद्यावर टाकून वर आले. सगळं गाव म्हणालं, माणसाचं काळीज वाघाचं आहे. मला मात्र त्यानंतरचं जास्त आठवतं. अर्ध्या तासाने ओट्यावर बसून चहा घेताना त्यांच्या हातातली कपबशी अशी खडखड वाजत होती की शेवटी काकूंनी ती काढून घेतली, आणि आबा कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हते. गारठले असतील असं वाटलं तेव्हा. खूप वर्षांनी विचारलं तर म्हणाले, "अरे पाय उचलतच नव्हता, दोनदा मागं आलो काठावरनं."

हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण वाघाचं काळीज म्हटल्यावर माणूस कसं सांगणार.

खरंतर भीतीत शरीराचं काय होतं हे आपल्या भाषेला आधीपासूनच माहितीय. तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो. मेंदूत कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाच्या आकाराचा भाग असतो, अमिग्डाला. धोका दिसला की तिथून इशारा जातो, किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, पोटाकडचं रक्त कमी करून हातापायांच्या स्नायूंकडे वळवलं जातं आणि लाळ कमी होते. म्हणजे पोटातला गोळा नुसता शब्द नाहीये, आत खरंच काहीतरी होत असतं. आणि हे सगळं जो पळून जातो त्याच्यात होतं तसं जो उडी मारतो त्याच्यातही होतं.

मग उडी मारणाऱ्याच्या मेंदूत वेगळं काय होतं? हे बघायला इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी जो प्रयोग केला, 2010 साली छापून आला तो, तो मला फार आवडतो. सापाला घाबरणाऱ्या माणसांना एमआरआय मशीनमधे झोपवलं आणि समोर सरकत्या पट्ट्यावर जिवंत साप ठेवला, बिनविषारी पण चांगला लांब. बटण माणसाच्याच हातात, साप जवळ आणायचा की लांब सरकवायचा हे दर वेळी त्यानेच ठरवायचं, कुणी जबरदस्ती करणार नाही. भीती वाटत असतानाही जेव्हा माणूस साप जवळ आणायचा तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात, आतल्या बाजूला असलेला एक छोटा पट्टा जास्त काम करायचा, आणि भीती जितकी मोठी तितकं त्याचं काम जास्त. ज्या वेळी माणूस भीतीपुढे हार मानायचा तेव्हा हे नातं दिसायचं नाही. म्हणजे भीती कमी झाली म्हणून साप जवळ आला असं नाही, भीती होती तिथेच होती आणि तिच्या विरुद्ध जोर लावणारं दुसरं काहीतरी त्याच डोक्यात चालू होतं.

अजून एक गोष्ट त्यात सापडली. मनाला वाटणारी भीती आणि तळहाताला सुटणारा घाम, दोन्ही एकदम चढले की बहुतेक वेळा माणूस साप लांब सरकवायचा. पण दोन्हीतलं एकच चढलेलं असेल, म्हणजे मन घाबरलंय पण शरीर शांत किंवा उलट, तर साप जवळ आणणं जमायचं. उत्तर आयर्लंडमधे बॉम्ब निकामी करणाऱ्या सैनिकांचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ रॅकमन हे आधीपासून सांगत होते, की भीती ही एकसंध वस्तू नाही, मनातली भावना, शरीराची धडधड आणि प्रत्यक्ष वागणं हे तीन वेगळे धागे आहेत आणि ते दर वेळी एकत्र ओढले जात नाहीत. धैर्य म्हणजे आतून भीती वाटत असताना पाऊल पुढे टाकणं, अशीच त्यांची मांडणी. आबांचा पाय उचलत नव्हता आणि तरी ते उतरले, मला वाटतं हेच ते.

याउलट ज्याला भीतीच वाटत नाही त्याला शूर म्हणायचं का? अमेरिकेत एक बाई आहेत, संशोधनात त्यांना एस. एम. एवढंच म्हणतात. एका दुर्मिळ आजाराने त्यांचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झालेत. साप वगैरे वेगळे प्राणी विकणाऱ्या दुकानात नेलं तर त्या साप हातात घेऊन खेळवत बसल्या. एकदा बागेत एका माणसाने त्यांच्या गळ्याला चाकू लावला, तर दुसऱ्या दिवशी त्या त्याच बागेवरून चालत गेल्या. ऐकायला भारी वाटतं पण त्यांच्या आयुष्यात असे जिवावरचे प्रसंग पुन्हा पुन्हा आलेत, कारण धोका टाळायला शिकवणारी घंटाच नाही. मी याला धैर्य म्हणणार नाही, तिथे आत झुंजायला समोर कुणीच नाहीये.

आता कुणी म्हणेल की उडी मारणारे विचारच करत नाहीत. तेही खोटं नाही. दुसऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल अमेरिकेतलं कार्नेगी पदक मिळालेल्या 51 जणांच्या मुलाखती 2014 मधे तपासल्या गेल्या, तर बहुतेकांचं बोलणं आधी कृती आणि मग विचार अशा धाटणीचं होतं. पण या मुलाखती घटनेनंतरच्या, आणि काठावरून दोनदा मागं आलो हे आबांसारखा माणूस किती वर्षांनी सांगतो ते मी बघितलंय. आणि समजा झुंज आधी झालीच नाही तरी ती पुढे ढकलली जाते. ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरायला लागतं, कॉर्टिसॉल नावाचं दुसरं रसायन मात्र साधारण वीस-तीस मिनिटांनी शिखरावर असतं, हातपाय थरथरतात, रडू येतं, रात्री तेच दृश्य दिसतं. नेमकं तेव्हाच आपण लोक त्या माणसाभोवती गोळा होऊन सांग ना काय झालं म्हणत बसतो. घटनेनंतर लगेच सगळं खोदून बोलायला लावू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, त्याने फायदा होत नाही. बोलायचं असेल तर ऐकावं, नाहीतर नुसतं शेजारी बसावं. काकूंनी कपबशी काढून घेतली आणि तिथेच बसून राहिल्या, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि जे काठावरच उभे राहिले त्यांचं काय? न्यूयॉर्कमधल्या डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग 1968 साली छापून आला. इंटरकॉमवर कुणालातरी फिटचा झटका आलाय असं ऐकू यायचं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तर 85 टक्के लोक मदतीला उठले, अजून चौघे ऐकतायत असं वाटलं तर फक्त 31 टक्के. हे आकडे सगळीकडे सांगतात, पण पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जे उठले नाहीत ते बेफिकीर नव्हते, त्यांचे हात थरथरत होते, तळवे घामेजलेले होते आणि संशोधक आत गेल्यावर ते विचारत होते की तो बरा आहे ना. त्यांचीही झुंज चालूच होती, फक्त निकाल लागला नव्हता.

आमच्या विहिरीवर त्या दिवशी वीसेक जण होते, माझे वडीलही. त्यांना आबांपेक्षा चांगलं पोहता येतं. या विषयावर ते कधी बोलत नाहीत, एकदाच बोलले, तेही शेतातून परत येताना, माझ्याकडे न बघता. म्हणाले, "मी चपला काढून ठेवल्या होत्या रे."