कोपऱ्यात पावडर का पोहोचत नाही?

माझ्या मोटरसायकलचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा सांगाडा, पावडर कोटिंग करून घेतला त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मागचं चाक काढलं तेव्हा दिसलं, की उघड्या सपाट बाजूंवरचा रंग अजून नव्यासारखा आहे. शॉक ॲबसॉर्बरची पट्टी जिथे चौकोनी नळीला वेल्ड केली आहे, त्या आतल्या खाचेत मात्र एक तपकिरी रेघ उमटली होती. नखाने खरवडलं तर पापुद्रा सुटला आणि खाली गंज. कोटिंगची जाडी मोजायचं यंत्र टेकवून पाहिलं. बाहेरच्या बाजूला ११० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खाचेत जिथवर टोक पोहोचलं तिथे जेमतेम २५. भाग एकच, पावडर फवारणारी गन एकच, माणूस एकच, आणि जाडीत चौपटीहून जास्त फरक!

ज्यांनी काम केलं होतं त्यांना विचारलं. ‘कोपऱ्यात पावडर जातच नाही, सगळ्यांचं असंच होतं,’ असं उत्तर मिळालं. ते म्हणाले त्यात तथ्य आहे. पण पावडर का जात नाही, याचं कारण इतकं सुंदर आहे की ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. पावडर कोटिंग म्हणजे ‘विजेने चिकटवलेला रंग’, असं अनेकांना वाटतं. काही जण तर त्या भागाला हात लावल्यावर शॉक बसेल का, असंही विचारतात. वीज इथे फक्त हमालाचं काम करते. गनपासून धातूपर्यंत पावडर न्यायची आणि भाग ओव्हनमध्ये जाईपर्यंत ती सांभाळायची, एवढंच. नंतर रंग टिकतो तो उष्णतेमुळे, रसायनामुळे आणि त्याहीआधी केलेल्या साफसफाईमुळे.

ही पावडर म्हणजे कोरडा रंग, त्यात थिनर नाही. रेझिन (राळेसारखा बांधणारा पदार्थ), हार्डनर (त्याला कडक करणारा), रंगद्रव्य आणि भरीचे पदार्थ एकत्र वितळवून, थंड करून, बारीक दळतात. त्यामुळे प्रत्येक कणात सगळे घटक असतात. बहुतेक कण ३० ते ५० मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडे लहान. १९५०च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी हवेने फुलवलेल्या पावडरीत तापलेला भाग बुडवायची पद्धत काढली. त्यात थर फार जाड बसायचा. पातळ थर देता येऊ लागला तो १९६०च्या दशकात, स्थितिक विजेची गन आल्यावर. आजही आपल्या गाडीचे भाग याच पद्धतीने रंगवले जातात.

गनच्या तोंडाशी एक बारीक सुई असते आणि तिला साधारण उणे ६० ते १०० किलोव्होल्ट दाब दिलेला असतो. सुईच्या टोकाशी विद्युत क्षेत्र इतकं तीव्र होतं, की तिथली हवा फुटते आणि इलेक्ट्रॉन सुटतात. हवेतला ऑक्सिजन ते पकडतो आणि ऋण आयन, म्हणजे ऋण प्रभार असलेले रेणू, तयार होतात. रंगवायचा भाग हूकला लटकवून अर्थिंग केलेला असतो, म्हणून बलरेषा, म्हणजे विजेच्या ओढीची दिशा दाखवणाऱ्या काल्पनिक रेषा, सुई आणि तो भाग यांना जोडतात. आयन त्याच रेषांवरून धावतात. वाटेत पावडरीचा कण आला की त्याला चिकटतात. कणावरचा ऋण प्रभार वाढत जातो आणि शेवटी तो कणच नव्या आयनांना दूर लोटू लागतो. तिथे कणाचं ‘पोट भरतं’.

आता एकच कण डोळ्यांसमोर धरू. व्यास ४० मायक्रॉन, वजन सुमारे ५० नॅनोग्रॅम. अशा कणावर साधारण तीन लाख जादा इलेक्ट्रॉन बसू शकतात. गनवर ८० किलोव्होल्ट आणि अंतर २५ सेंटिमीटर धरलं, तर विद्युत क्षेत्र त्या कणाला त्याच्या वजनाच्या तीसेक पट जोराने धातूकडे ओढतं. म्हणूनच पावडरीचा ढग नळीला वळसा घालून मागच्या बाजूलाही बसतो. पहिल्यांदा हे पाहताना मी गन फिरवायची सोडून नुसता बघत उभा राहिलो होतो.

कण धातूवर टेकला की पुढे काय होतं? रेझिन विद्युतरोधक, त्यामुळे कणावरचे इलेक्ट्रॉन सहजी धातूत उतरत नाहीत. पण त्यांच्यामुळे धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन मागे ढकलले जातात आणि कणाच्या समोरच्या पृष्ठभागावर धन प्रभार उघडा पडतो. हिशोब असा लागतो, जणू आरशातल्या प्रतिमेसारखा तेवढाच उलटा प्रभार धातूच्या आत बसला आहे आणि तो कणाला ओढतो आहे. याला प्रतिमा बल म्हणतात. आपल्या ४० मायक्रॉनच्या कणासाठी हे बलही वजनाच्या तीसेक पट भरतं. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचललेले आठवत असतील, तीच ही गोष्ट. आणि हे बल गनवर अवलंबून नाही. गन बंद केली तरी कण तासन्‌तास धरून राहतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं अडतं.

आता खाचेकडे वळू. १८३६ साली मायकेल फॅरेडे यांनी धातूच्या पत्र्याने मढवलेली एक खोली बांधली आणि ते स्वतः आत जाऊन बसले. बाहेरून त्या खोलीवर ठिणग्या पडत होत्या, आत ठेवलेल्या संवेदनशील उपकरणाला त्याचा पत्ताही लागला नाही. चारी बाजूंनी अर्थिंग केलेला धातू असेल, तर बाहेरचं क्षेत्र आत शिरत नाही. वेल्डजवळची खाच ही अशीच, एका बाजूने उघडी असलेली खोली. सुईला जोडणाऱ्या बलरेषा जवळच्या कडांवरच अडतात, तळापर्यंत फार थोड्या पोहोचतात.

किती थोड्या, हे गणिताने नेमकं काढता येतं. दोन समांतर भिंतींची खाच घेतली, तर तिच्या रुंदीइतकं आत जाताना क्षेत्र २३ पटीने घटतं. आणखी तेवढंच आत गेलं की पुन्हा २३ पटीने. एअर कूल्ड इंजिनच्या दोन पंख्यांमध्ये (इंजिन थंड राहावं म्हणून त्यावर असलेल्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये) ८ मिलिमीटर फट असेल, तर १६ मिलिमीटर आत उरतं ते बाहेरच्या क्षेत्राच्या पाचशेव्या भागाहूनही कमी. काटकोनातल्या कोपऱ्यात घट इतकी भयंकर नसते. तिथे क्षेत्र कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात कमी होत जातं, पण नेमक्या कोपऱ्याच्या रेषेवर ते शून्य असतं. माझ्या स्विंगआर्मवरची तपकिरी रेघ बरोबर त्याच रेषेवर होती.

अशा वेळी नवशिक्याला वाटतं व्होल्टेज वाढवावं, गन जवळ न्यावी. नेमकं तेच करू नये. व्होल्टेज दुप्पट केलं तरी कडा आणि तळ यांच्यातलं प्रमाण तेच राहतं. कडांकडची ओढ मात्र दुप्पट होते आणि खाचेत शिरू पाहणारा कण वाटेतच कडेवर खेचला जातो. शिवाय सुईतून निघालेले बहुतेक आयन कणांना न भेटताच धातूवर येऊन आदळतात. आधीच बसलेल्या पावडरीवर त्यांचा प्रभार साठत जातो. थराच्या आतलं क्षेत्र सेंटिमीटरला ३० किलोव्होल्टच्या आसपास गेलं, की कणांमधली हवाच फुटते. थरात सूक्ष्म ठिणग्या उडतात, धन आयन उलटे बाहेर फेकले जातात आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. याला उलट आयनीभवन म्हणता येईल. भाजून झाल्यावर संत्र्याच्या सालीसारखा दिसणारा खडबडीत पृष्ठभाग पुष्कळदा इथूनच येतो. ‘दोन हात जास्त मारा, जाड थर म्हणजे मजबूत थर’ हा आग्रह म्हणूनच अंगाशी येतो. ठरावीक जाडीनंतर थर स्वतःच नव्या कणांना नाकारू लागतो.

मग खाच भरायची कशी? इथे मघाचं प्रतिमा बल कामाला येतं. कण धरून ठेवायला बाहेरचं क्षेत्र लागत नाही, ते लागतं फक्त ओढून आणायला. तेव्हा ओढून आणायचं काम विजेकडून काढून हवेकडे द्यायचं. गन ३०-४० किलोव्होल्टवर आणायची, हवेचा झोत मंद ठेवायचा आणि ढग अलगद खाचेत सोडायचा. कण हवेबरोबर आत जातो, भिंतीच्या अगदी जवळ आला की स्वतःच्याच प्रतिमेला चिकटतो. खाचा आधी भरायच्या, सपाट बाजू नंतर. दुसरी वाट घर्षण गनची. तिच्यात सुई नसतेच. टेफ्लॉनच्या नळीतून घासत जाताना पावडर धन प्रभारित होते. दूरवर पसरलेलं क्षेत्र नाही, मोकळे आयन नाहीत, त्यामुळे पंख्यांच्या फटींत ही गन फार छान काम करते.

या सगळ्याच्या मुळाशी अर्थिंग आहे. भागाचा जमिनीशी रोध १ मेगओहमच्या आत हवा. ज्या हूकवर आधीच्या दहा कामांचा रंग भाजून बसला आहे, तो हूक विजेच्या दृष्टीने प्लॅस्टिकचाच झाला. काम द्यायला गेलात तर आधी हूक बघा.

ओव्हनमध्ये एक शर्यत लागते. पावडर वितळून पसरू पाहते आणि त्याच वेळी रेझिन व हार्डनर यांच्यात रासायनिक बंध जुळून सलग जाळं विणलं जातं. जाळं लवकर विणलं तर पृष्ठभाग सपाट व्हायच्या आत गोठतो. फार उशिरा विणलं तर पातळ रस धारदार कडांवरून मागे सरतो आणि कडा उघड्या पडतात. जाळं एकदा विणलं की रंग पुन्हा मेणासारखा वितळत नाही. साधारण २०० अंश सेल्सियसला १० ते २० मिनिटं लागतात. पण हे तापमान धातूचं, ओव्हनमधल्या हवेचं नाही. पातळ पट्टी झटकन तापते, इंजिनच्या जाड कव्हरला खूप वेळ लागतो. घड्याळ धातू तापल्यावर लावायचं असतं.

याच तापमानामुळे काही भाग पावडरसाठी बाद होतात. एबीएस प्लॅस्टिक १०५ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. बेअरिंग आणि सील आधी काढायलाच हवीत. पेट्रोलची टाकी तर रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असू शकते, आणि तशी टाकी ओव्हनमध्ये गेली तर स्फोट होऊ शकतो. टाकीवर साधी पुट्टी भरलेली असेल तर ती उष्णताही सोसत नाही आणि वीजही वाहत नाही. टाकी, प्लॅस्टिक यांना द्रव रंगच बरा. मात्र टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून तो मारू नका. ॲल्युमिनियमच्या अलॉय व्हीलना ताकद दिलेली असते तीच दीडशे-पावणेदोनशे अंशांवर मुरवून, त्यामुळे ती पुन्हापुन्हा २०० अंशांवर भाजणं चांगलं नाही. नटबोल्ट जिथे आवळला जातो आणि ब्रेक डिस्क जिथे टेकते त्या जागा झाकायच्याच. दाबाखाली रंगाचा थर हळूहळू दबतो आणि बोल्ट सैल पडतो.

जाता जाता दोन दाव्यांबद्दल. ‘इंजिन काळं केलं की जास्त तापतं’ हे मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. रंगाचा संबंध येतो तो किरणांतून बाहेर जाणाऱ्या उष्णतेशी. गरम इंजिनचे हे किरण अवरक्त असतात, आणि तिथे काळा, पांढरा, लाल, जवळजवळ सगळे रंग सारखेच ‘काळे’ असतात. उलट चकचकीत उघडं ॲल्युमिनियम याबाबत फार कंजूष. सत्तर मायक्रॉनच्या थराने वाटेत जो अडथळा येतो, तो पृष्ठभागावरून हवेत उष्णता जाताना होणाऱ्या अडथळ्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास. दुसरा दावा ‘नॅनो’ आणि ‘आजीवन गंजमुक्त’ असल्या शब्दांचा. विकणाऱ्याला एवढंच विचारा: ब्लास्टिंगनंतर (कणांचा झोत मारून गंज उडवल्यानंतर) किती वेळात रंग दिला, फॉस्फेटिंग (धातूवर फॉस्फेटचा पातळ थर) केलं का, खाली प्रायमर आहे का, वरची पावडर पॉलिस्टरची की इपॉक्सीची? इपॉक्सी चिकटते उत्तम, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी भुकटी धरते. या चार प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या नॅनोवर मी विश्वास ठेवणार नाही.

स्विंगआर्म मी पुन्हा ब्लास्ट करून घेतला. गंजाची रेघ पार पांढऱ्या धातूपर्यंत साफ झाली. या वेळी कोटिंगच्या वेळी शेजारी उभा राहिलो. हूक घासून घेतला, गन ४० किलोव्होल्टवर आणवली आणि वेल्डची खाच सगळ्यात आधी भरायला सांगितली. पावडर धुरासारखी हळूच आत गेली आणि तिथेच थांबली. ओव्हनमधून निघालेला भाग हाताला सोसेल इतका निवल्यावर जाडीचं यंत्र त्याच जागी टेकवलं. आकडा आला ७२.