शत्रूच्या पतनाविषयीची बायबलवचने

शत्रूचा पाडाव झाला असता आनंद मानावा की नाही, याविषयी बायबलमध्ये परस्परविरोधी वाटणारी वचने आढळतात. हा विरोध एकाच ग्रंथातही दिसतो : शत्रू पडला असता हर्ष करू नये, असे नीतिसूत्रे २४:१७ बजावते, तर दुर्जनांचा नाश होतो तेव्हा नगरात जयघोष होतो, असे ११:१० मध्ये म्हटले आहे. इस्राएल लोकांचा पाठलाग करणारे फारोचे (मिसरच्या राजाचे) सैन्य समुद्रात बुडाल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन गाते (निर्गम १५). उलट वैऱ्याच्या नाशाने आपण कधी आनंदलो नाही, असे ईयोब शपथेवर सांगतो (३१:२९), आणि जिवावर उठलेला राजा शौल मेल्यावर दावीद त्याच्यासाठी विलाप करतो.

जुलमी सत्ता कोसळल्यावर लोकांना वाटणारा दिलासा वेगळा आणि व्यक्तिगत वैराची खुन्नस वेगळी, असा उलगडा सामान्यतः केला जातो. तो उपयुक्त असला तरी पुरता नाही. कारण यहूदा राज्याच्या नाशावर हर्ष करणाऱ्या शेजारच्या अदोम राष्ट्राला ओबद्या संदेष्टा दोष देतो, आणि तिथे वैर दोन राष्ट्रांमधले आहे. शिवाय नीतिसूत्रे २४:१८ मध्ये दिलेले कारण दयेचे नाहीच : तुझा आनंद पाहून देव शत्रूवरचा आपला कोप आवरता घेईल, असे तिथे म्हटले आहे. हा इशारा भाष्यकारांना आजही अवघड जातो. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातील कथेत फारोचे सैन्य बुडत असताना गाऊ पाहणाऱ्या देवदूतांना देव अडवतो, कारण बुडणारेही त्याचीच निर्मिती असतात. मिर्यामच्या गाण्याला मात्र कोणी हरकत घेत नाही.

सातारा जिल्ह्यातील वाचकाला हा पेच परका वाटू नये. प्रतापगडावर १६५९ च्या विजयाचा दिवस साजरा होतो आणि पायथ्याशी अफजलखानाची कबरही आहे. ‘मरणान्तानि वैराणि’ (वैर मरणाबरोबर संपते) हे रामायणातील वचन त्या संदर्भात हमखास सांगितले जाते.

नव्या करारात शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा आहे (मत्तय ५:४४). भुकेल्या शत्रूला जेवू घालण्याचा पौलाचा उपदेश (रोमकरांस पत्र १२:२०) मात्र मूळचा नीतिसूत्रांतलाच, त्यामुळे जुना करार सूडाचा आणि नवा क्षमेचा ही सरधोपट विभागणी टिकत नाही; प्रकटीकरण १८:२० मध्ये तर बाबेलच्या पतनावर आनंद करण्यास सांगितले आहे. रोमन कॅथलिक चर्चने १९७१ च्या सुमारास नित्यप्रार्थनाविधीतून (दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांतून) स्तोत्रसंहितेतील ५८, ८३ व १०९ ही शापस्तोत्रे, म्हणजे शत्रूला शाप देणारी स्तोत्रे, वगळली. अमेरिकन मिशनांतून उभ्या राहिलेल्या सातारा, सांगली व मिरज येथील प्रोटेस्टंट मंडळ्यांना तो निर्णय लागू नाही.