विझार्डची वही: ठाणे-नवी मुंबईच्या टेबलांवरचे स्पेलबुकचे हाऊसरूल्स

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, डाइस टाकत गोष्ट रचायचा खेळ. ठाण्यात किंवा नेरूळ-वाशीकडे त्याच्या कुठल्याही नव्या कॅम्पेनच्या (सलग चालणाऱ्या कथेच्या) सेशन झीरोला, म्हणजे नियम ठरवायच्या पहिल्या बैठकीला, विझार्ड (पुस्तकातून जादू शिकणारं पात्र) घेणारा कुणी असला, की तीन प्रश्न निघतातच. त्याच्या स्पेलबुकची, म्हणजे मंत्रांच्या पुस्तकाची, पानं मोजायची का? दुसऱ्याचा स्पेल (मंत्र) उतरवून घेताना रोल मागायचा का, म्हणजे ते जमलं की नाही हे डाइस टाकून ठरवायचं का? आणि डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, स्पेलबुक नष्ट करता येईल का? उत्तरं प्रत्येक टेबलावर वेगळी असतात आणि ती 'आमचा हाऊसरूल', म्हणजे गटाने स्वतः ठरवलेला नियम, म्हणून सांगितली जातात. प्रत्यक्षात त्यातला जवळपास प्रत्येक नियम कधीतरी छापील होता. पुढच्या आवृत्तीत तो वगळला गेला, आणि कुणाला तरी त्याची उणीव भासली म्हणून परत आला.

मुळातलं थोडक्यात सांगतो. १९७४च्या पहिल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये प्रत्येक लेव्हलच्या (ताकदीच्या पायरीच्या) स्पेल्सचं वेगळं पुस्तक धरलेलं होतं. पुस्तक गेलं तर ते पुन्हा उभं करायला पहिल्या लेव्हलला २,००० सोन्याची नाणी, दुसऱ्या लेव्हलला ४,०००, तिसऱ्या लेव्हलला ८,००० असा खर्च होता. सकाळी स्पेल पाठ करायचा, वापरला की तो डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना १९५०च्या अमेरिकन कथांमधून उचललेली होती, आणि तिच्यामुळे पुस्तक रोजच्या रोज लागायचं. १९७८च्या नियमांत स्पेल शिकता येतो की नाही हे टक्केवारीच्या रोलवर ठरायचं. इंटेलिजन्स (पात्राच्या बुद्धीचा आकडा) १८ असला तरी शक्यता ८५ टक्केच, म्हणजे आवडता स्पेल कायमचा हातचा जाऊ शकायचा. कॉपीसाठी रोल मागणारे आपले डीएम नकळत हाच नियम चालवतात. १९८५मध्ये प्रवासी स्पेलबुक छापून आलं: मोठं पुस्तक मुक्कामी, छोटं सोबत. या गोष्टीकडे पुढे परत यावं लागेल.

आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंची भाषा मात्र साडेतीनची आहे. २००३ची ती ३.५ आवृत्ती. तिचे मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळायचे, त्यामुळे कॉलेजातली मुलं प्रिंटआउट काढून त्यावर खेळायची. तिच्यात हिशेब चोख होता. पुस्तक १०० पानांचं, कँट्रिपला (सर्वांत साध्या मंत्राला) एक पान, बाकी स्पेल जितक्या लेव्हलचा तितकी पानं, लिहायला पानामागे १०० नाणी. त्याआधी, १९८९च्या आवृत्तीत, पानांचा आकडासुद्धा सहा बाजूंचा डाइस टाकून ठरायचा.

२०१४मध्ये फाइव्ह-ई, म्हणजे पाचवी आवृत्ती, आली आणि हा हिशेब अर्धवट राहिला. पुस्तकाची पानं १०० हे वर्णनात कायम राहिलं, पण एक स्पेल किती पानं खातो हे कुठेच नाही. उतरवायला स्पेलच्या दर लेव्हलमागे दोन तास आणि ५० नाणी, एवढंच. साडेतीनचा 'लेव्हल तितकी पानं' हा नियम इथे बसवून पाहिला, तर गंमत कळते. सुरुवातीला पहिल्या लेव्हलचे सहा स्पेल, पुढे विझार्डच्या स्वतःच्या दर लेव्हलला (ती स्पेलच्या लेव्हलहून वेगळी) दोन, आणि दर वेळी हाती येतील त्यातले सर्वांत वरचे घेतले, तर बाराव्या लेव्हलला ८८ पानं भरतात आणि तेराव्याला पुस्तक संपतं. तेही वाटेत एकही स्पेल न उतरवता. विसाव्या लेव्हलपर्यंत २२० पानं होतात. पानं मोजणाऱ्या टेबलांवर विझार्ड दुसऱ्या पुस्तकाची तजवीज का करतात, ते यावरून कळेल.

नेरूळच्या एका गटाने हे शब्दशः घेतलं. विझार्डच्या खेळाडूने खरीखुरी शंभरपानी वही आणायची, तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला तीन पानं द्यायची, आणि जे वहीत नाही ते पुस्तकात नाही. मी पाहिलेल्या वहीत फायरबॉलची तीन पानं होती: पहिल्यावर नियम, दुसऱ्यावर पल्ल्याची आकृती, तिसऱ्यावर तो कुणाच्या पुस्तकातून मिळाला त्याची हकीकत. जुलैच्या दमट हवेत जेल पेनची शाई फुटून मागच्या पानावर उतरली होती, आणि डीएमने ती आकृती खेळातही पुसट धरली. असा विझार्ड आपले स्पेल ओळखतो. मोबाइलवर यादी खालीवर सरकवणाऱ्याला ती ओळख नसते.

आता खरा वाद, नष्ट करण्याचा. ठाण्यातल्या एका कॅम्पेनमध्ये पार्टीची, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीची, होडी उलटली आणि डीएमने पुस्तक भिजून गेलं असं ठरवलं. विझार्ड पाचव्या लेव्हलचा, इंटेलिजन्स १८, पुस्तकात १४ स्पेल. छापील नियम सांगतो की तयार केलेले (त्या दिवसासाठी निवडून ठेवलेले) स्पेल नव्या पुस्तकात उतरवता येतात, बाकीचे नव्याने शोधावे लागतात. तयार होते नऊ, म्हणजे पाच गेले. खेळाडूचं म्हणणं असं की फायटरची तलवार गेली तर बाजारात दुसरी मिळते, इथे त्याची चार लेव्हलची कमाई गेली. काही आठवडे त्यावरच बोलणं चाललं. त्यातून 'खेळाडूच्या संमतीशिवाय स्पेलबुकला हात लावायचा नाही' हा नियम निघाला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सेशन झीरोच्या यादीतून तो खाडीपलीकडच्या टेबलांवरही पोचला. आज तो इतका रुळला आहे की नव्या खेळाडूंना तो छापीलच वाटतो.

मला तो पटत नाही. २०१४च्या नियमांत त्याच पाचव्या लेव्हलला सॉर्सररला, म्हणजे पुस्तकाविना जन्मजात जादू करणाऱ्याला, सहाच स्पेल येतात, पण ते त्याच्यापासून कुणी हिरावू शकत नाही. विझार्डला १४ आणि वर जगभरातून उतरवून घ्यायची मुभा मिळते, ती पुस्तकाच्या जोखमीच्या बदल्यात. जोखीम काढून घेतली की शेजारी बसलेल्या सॉर्सररवर अन्याय होतो, आणि त्याची संमती कुणी विचारलेली नसते.

पण त्या डीएमचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. नियमात दुसरी प्रत करायची सोय आहे: स्पेलच्या दर लेव्हलमागे एक तास आणि १० नाणी. त्या विझार्डच्या १४ स्पेल्सच्या लेव्हल्सची बेरीज २२, म्हणजे २२ तास आणि २२० नाणी. रोज चार तास बसला तर आठवड्याच्या आत काम होतं. तो आठवडाच त्या कॅम्पेनमध्ये कधी मिळाला नव्हता. आपली सेशन्स पंधरवड्यातून एखाद्या रविवारी होतात, निम्मे लोक ट्रान्स-हार्बर लोकलने दुसऱ्या टोकाहून आलेले असतात, आणि सगळ्यांना गोष्ट पुढे सरकायला हवी असते. पात्रांना रिकामा वेळ द्यायचा राहूनच जातो. प्रवासी पुस्तकाचा १९८५चा नियम विझार्डला मुक्कामाचं ठिकाण आहे असं धरून लिहिलेला होता. मुक्काम न देता पुस्तक बुडवणं ही त्या निर्णयातली खरी चूक होती, आणि वादात हा मुद्दा जवळजवळ आलाच नाही.

२०२०मध्ये खेळ ऑनलाइन गेला आणि कॅरेक्टर शीट (पात्राच्या नोंदींचं पान) अ‍ॅपवर आलं. अ‍ॅपमध्ये पुस्तक ही वस्तू नसते, स्पेल्सची यादी असते. त्याच वर्षी छापून आलेला ऑर्डर ऑफ स्क्राइब्ज हा विझार्डचा सबक्लास (उपप्रकार) दर लेव्हलमागे दोन मिनिटांत स्पेल उतरवतो, आणि हरवलेलं पुस्तक शॉर्ट रेस्टमध्ये, म्हणजे खेळातल्या छोट्या विश्रांतीत, परत आणतो. बऱ्याच गटांनी या सबक्लासचा फायदा सरसकट सगळ्या विझार्डना दिला. पानं मोजणारी टेबलं त्या काळात कमी झाली.

२०२४च्या नियमांत उतरवण्याचा दर तोच राहिला आहे आणि पानांचा हिशेब अजूनही नाही. अलीकडे काही टेबलांवर मधला मार्ग निघाला आहे: दोन मोहिमांच्या मध्ये प्रतीची खेळातली नाणी कापून घ्यायची, तास गेले असं धरायचं, आणि प्रत कुठे ठेवली हे खेळाडूने डीएमला आधी सांगून ठेवायचं. त्यानंतर डीएमला पुस्तक बुडवायची मोकळीक असते. वहीवाल्या नेरूळच्या गटात यासाठी दुसरी शंभरपानी वही लागते, आणि ती खरोखर हाताने उतरवावी लागते.