फिल्टर लावून एक्सपोजर मोजणे (लँडस्केप फोटोग्राफी)

लेन्सपुढे फिल्टर लावला की सेन्सरवर येणारा उजेड कमी होतो, तो किती कमी झाला ते धरून शटर (किती वेळ उघडं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवणं म्हणजे फिल्टरसह मीटरिंग. हा फरक स्टॉपमध्ये मोजतात, एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा) लेन्समधूनच बघतो मग वेगळं काय मोजायचं, असं नवीन माणसाला वाटतं, पण डोळे झाकून त्याच्यावर सोडता येतं ते फक्त पोलरायझर असताना.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, साधारण १ ते २ स्टॉप खातो, पण किती ते फिरवण्यावर आहे, म्हणून आधी फिरवायचा आणि मग रीडिंग घ्यायचं. रावेर-यावलकडे पाऊस उघडल्यावर केळीच्या बागेत पानांवर पांढरी चकाकी असते, रिंग हळूहळू फिरवली की ती उतरते आणि खालचा हिरवा रंग दिसायला लागतो, तिथे हात थांबवायचा.

ग्रॅडचं मात्र उलटं. हा फिल्टर वरून काळा आणि खालून साफ. तोरणमाळला यशवंत तलावावर संध्याकाळी जमिनीचं रीडिंग १/१५ सेकंद आणि आभाळाचं १/१२५ आलं तर फरक ३ स्टॉपचा. फिल्टर न लावता जमीन मोजायची, मॅन्युअल मोडवर १/१५ लॉक करायचं, मग ग्रॅड सरकवायचा. फिल्टर लावून मोजलं तर वरचा काळेपणा बघून मीटर एक्सपोजर वाढवतो आणि आभाळ पुन्हा उडतं, म्हणजे पांढरं पडतं (नवीन कॅमेऱ्यांचं मॅट्रिक्स मीटरिंग, म्हणजे सगळी फ्रेम बघून मोजणं, बऱ्याचदा सांभाळून घेतं, तरी हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघाच). आणि फरक ३ चा असला तरी मी २ स्टॉपचाच ग्रॅड लावेन, कारण पाण्यातलं आभाळ खऱ्या आभाळापेक्षा उजळ दिसलं की फोटो खोटा वाटतो.

जमीन मोजताना अजून एक, आपलं वावर काळ्या मातीचं. फ्रेममध्ये तीच भरली की मीटर तिला राखाडी करायला जातो, तिथे एखादा स्टॉप कमी करावा लागतो, आणि कापूस फुटलेला असेल तर वाढवावा लागतो.

१० स्टॉपचा एनडी (सगळीकडून सारखा काळा फिल्टर) लावल्यावर बऱ्याच कॅमेऱ्यांना धड फोकसही होत नाही, मीटरही गडबडतो, म्हणून फ्रेम, फोकस, रीडिंग सगळं आधी उरकून फोकस मॅन्युअल करायचा. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर १/६० आलं तर उजेड १०२४ पट कमी होणार, म्हणून शटर तेवढ्या पट जास्त वेळ, म्हणजे जवळजवळ १७ सेकंद. गणित नको असेल तर शटरच्या डायलचे क्लिक मोजा, ३ क्लिकचा एक स्टॉप, ३० क्लिक फिरवले की १५ सेकंदांवर येता, तेवढा फरक चालतो. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरवर रुमाल टाका, मागून शिरलेला उजेड मीटरला फसवतो. ३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (बटण दाबून असेपर्यंत शटर उघडं), आणि दिवस मावळताना उजेड शटर उघडं असतानाच उतरत असतो, तेव्हा हिशोबापेक्षा थोडा जास्त वेळ द्यायचा.